जुन्या स्पोर्ट्स बाईकला नवे टायर घेताना

सध्या गाडीवर जो टायर बसलाय, त्याचा नंबर वाचून तोच दुकानात मागू नका. दहा-पंधरा वर्षांची स्पोर्ट्स बाईक दोन-तीन हातांतून फिरून आलेली असते, आणि मधल्या कुणीतरी ‘मागून भरदार दिसते’ म्हणून जाडा टायर चढवलेला असतो. मूळ साइज स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर सापडतो. स्टिकर उडाला असेल तर गाडीचं मॅन्युअल बघा.

आपल्याकडं रोज दिसणाऱ्या गाड्यांचे मूळ साइज असे: पल्सर २२० ला पुढं ९०/९०-१७, मागं १२०/८०-१७. सीबीआर २५० ला ११०/७०-१७ आणि १४०/७०-१७. आर१५ मध्ये घोळ होतो. २००८ च्या पहिल्या मॉडेलला पुढं ८०/९०-१७, मागं १००/८०-१७ होता. २०११ च्या दुसऱ्या मॉडेलला ९०/८०-१७ आणि १३०/७०-१७ आला. नुसतं ‘आर१५ चा टायर द्या’ म्हटलं की चुकीचा टायर हातात पडू शकतो. जुन्या करिझ्माची चाकं १८ इंची आहेत, त्यात निवडीला वाव कमी. दुकानात लगेच मिळेल असं धरू नका, टायर पार गुळगुळीत व्हायच्या आधीच ऑर्डर द्या.

१००/८०-१७ मध्ये १०० म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हा हिशेब एकदा करून बघाच. पहिल्या आर१५ वर १००/८० च्या जागी १२०/८० बसवला की उंची ८० वरून ९६ मिमी होते, म्हणजे चाकाचा व्यास ३२ मिमीनं वाढतो. चाक एका फेऱ्यात १० सेंटिमीटर जास्त जातं. मागच्या ४० दातांच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) दोन दात कमी केल्यासारखा हा फरक. मग पिकअप मेला, म्हणून लोक इंजिन आणि क्लच उघडत बसतात. शिवाय गाडीचा मागचा भाग १६ मिमी उचलला जातो आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. खड्ड्यात शॉक दबला की टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

रुंदीचा संबंध रिमशी. १४०/७०-१७ साठी प्रमाणित रिम ४ इंच रुंद असतो. तोच टायर अडीच-पावणेतीन इंची रिमवर चढवला तर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, मधे फुगतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा उलट अरुंद होतो. रुंदी वाढवून पकड गेली, अशी गत. मूळ साइज सोडूच नका, हा आमचा सरळ सल्ला.

साइजपुढं ‘५६ पी’ किंवा ‘६१ पी’ असं लिहिलेलं असतं. ५६ म्हणजे २२४ किलो भार, ६१ म्हणजे २५७ किलो. पी म्हणजे ताशी १५० किमी, एस १८०, एच २१०. मूळ आकड्याच्या आणि अक्षराच्या खाली उतरू नका. अलॉय चाक म्हणजे ट्यूबलेसच, हाही गैरसमज आहे. ट्यूबलेस चालणार असेल तर तसं रिमवर कोरलेलं असतं. रेडियल आणि साधा नायलॉन टायर यांची पुढं-मागं सरमिसळ टाळा.

आता जात कोणती? सांगली-मिरज किंवा विश्रामबाग ते कुपवाड एमआयडीसी ही रपेट फार तर आठ-दहा किलोमीटरची, सरळ, सपाट आणि सिग्नलची. मऊ रबराचा रेसिंगछाप टायर एवढ्या अंतरात नीट तापतच नाही, त्यामुळं त्याची खरी पकड मिळत नाही. मधला भाग मात्र लवकर झिजून सपाट होतो आणि मग वळताना गाडी एकदम कलंडल्यासारखी वाटते. मध्यम रबराचा, मधोमध खाचा असलेला टायर घ्या.

या खाचांचं काम फक्त पावसाळ्यापुरतं नसतं. गळीत हंगामात तासगाव, पलूसकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या शेतातली काळी माती डांबरावर आणतात. पहाटेच्या दवानं तिचा पातळ गिलावा होतो, वर पाचट पसरलेलं. मधोमध गुळगुळीत पट्टा असलेला टायर तिथं पुढच्या ब्रेकला लगेच सुटतो. गिलाव्यावर कुठलाच टायर भरवशाचा नाही, पण खाचांचा टायर पलीकडच्या कोरड्या डांबरावर लवकर साफ होतो. सध्या फॅशन असलेले मोठ्या गोट्यांचे टायर मात्र नकोत. डांबरावर घोंगावतात आणि या गाड्यांचं वळणं बिघडवतात.

टायर हातात आला की बाजूवरचे चार आकडे शोधा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स बाईकचे साइज कमी खपतात, रॅकवर पडून राहतात, म्हणून इथं ही तारीख जास्त महत्त्वाची. वर्षाच्या आतला माल मागा आणि हा नंबर बिलावर लिहून घ्या. गाडीवरच्या जुन्या पुढच्या टायरलाही हीच कसोटी. नक्षी शाबूत दिसते, पण सहा-सात वर्षं उन्हात भाजल्यावर रबर दगड होतं. नख रुतत नसेल, खाचांच्या तळाशी बारीक भेगा असतील, तर नक्षी कितीही उरली असली तरी बदला.

बसवताना टॉमीनं ओढाताण करणाऱ्यापेक्षा मशीनवाल्याकडं जा; अलॉयची कड एकदा वाकली की हवा धरत नाही. चाक ब्रेकच्या डिस्कवर आडवं टाकू देऊ नका. चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर दाबू नका, पॅड बाहेर येऊन बसतात. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेनं हवा. पिवळा ठिपका हा टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हपाशी ठेवतात. व्हॉल्व्ह नवा टाका. चाक उघडलंच आहे तर बेअरिंग बोटानं फिरवून बघा, मागच्या हबमधले रबर चेपलेत का तेही.

जुन्या गाडीत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे रिमची आतली कड. टायर जिथं टेकतो तिथला रंग पोपडे धरून सुटलेला असतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरनं घासून, पुसून मगच टायर चढवायचा. नाहीतर दर आठवड्याला हवा उतरते आणि दोष नव्या टायरला लागतो. हवा भरताना कड बसल्याचा ‘फट्’ असा आवाज दोनदा येतो. त्यानंतर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर आहे ना, हे चाक फिरवून बघा.

हवा सकाळी, टायर थंड असताना, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणं भरा. पल्सर २२० ला पुढं २५, मागं एकट्याला २८ आणि डबलसीट ३२ पीएसआय. सगळ्यांना सरसकट ४० भरणारा पंपवाला दिसला तर त्याला थांबवा. पहिले दीडशे किलोमीटर नवा पृष्ठभाग निसरडा असतो, तोवर गाडी हळूहळू कलवत न्या. दोन-तीन दिवसांनी चेनचा ताण आणि ॲक्सलचा नट तपासा. हवा तरीही उतरत असेल तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर, मग रिमच्या कडेनं सोडा. बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसेल.