ली-एनफिल्डचा ट्रिगर बिघडला, तर आधी लाकूड तपासावे

ब्रिटिश लष्कराने १९०७ साली स्वीकारलेल्या आणि पुढे बंगालातील इच्छापूरच्या कारखान्यातही बनलेल्या ली-एनफिल्ड मार्क ३ रायफलीचा ट्रिगर जड लागू लागला किंवा त्याच्या ओढीचे दोन टप्पे (आधी हलकी, मग जड ओढ) हरवले, की पुष्कळ जण थेट कानस हाती घेतात. तसे मुळीच करू नये. या रायफलीत सिअर, म्हणजे ताणलेली यंत्रणा रोखून धरणारी अडकण, पोलादी रिसीव्हरवर (रायफलीच्या मुख्य सांगाड्यावर) बसतो, तर ट्रिगर खालच्या गार्डवर, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या धातूच्या पट्टीवर. मध्ये लाकूड असल्यामुळे ते आक्रसले किंवा फुगले की दोन्ही भागांमधले अंतर बदलते. याच कारणाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या क्रमांक ४ मार्क २ रायफलीत ट्रिगर थेट रिसीव्हरला जोडण्यात आला.

भारतात या रायफलीचा .३०३ हा बोअर (नळीचा व्यास) प्रतिबंधित आहे आणि शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो, त्यामुळे हे मार्गदर्शन परदेशात कायदेशीरपणे अशी रायफल बाळगणाऱ्या संग्राहकांसाठी आहे.

मॅगझिन काढून, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी व बोटाने तपासून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. मग स्प्रिंगकाटा ट्रिगरच्या वळणात अडकवून सावकाश ओढावा. पहिल्या टप्प्याला साधारण ३ ते ४ पौंड आणि दुसऱ्याला ५ ते ६ पौंड जोर लागणे अपेक्षित आहे. आता गार्डचा पुढचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा ओढून पाहावे. फरक जाणवला, तर दोष लाकडाकडे आहे असे समजावे. त्या स्क्रूभोवती लाकडाच्या आत एक छोटी धातूची नळी, म्हणजे कॉलर, असते. ती गहाळ असेल, तर स्क्रू आवळताना लाकूड दबते, गार्ड वर सरकतो आणि पहिला टप्पा नाहीसा होतो. योग्य लांबीची कॉलर बसवणे हाच यावरचा खरा इलाज आहे.

पुढचे लाकूड काढण्याआधी मागचा दस्ता जोडणारा लांब स्क्रू फिरवू नये, कारण त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते आणि तो फिरवला तर लाकूड चिरते.

सुटे केलेले सिअर, स्प्रिंग व खिळी रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, हलके तेल लावावे. अनेकदा खरखर एवढ्यानेच जाते, कारण ती जुन्या घट्ट झालेल्या ग्रीसची असते. सिअर आणि कॉकिंग पीस (फायरिंग पिनच्या मागचा, सिअरने रोखला जाणारा भाग) जिथे एकमेकांना धरतात, त्या पृष्ठभागांवरचा कठीण थर पातळ असतो. तो घासून गेला तर आतले मऊ पोलाद झिजत राहते आणि बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) बंद करतानाच गोळी सुटण्याचा धोका निर्माण होतो.

जुळणी झाल्यावर रिकामी रायफल कॉक करून (झाडण्यासाठी ताणून), बोल्ट वारंवार जोरात बंद करून आणि दस्ता रबरी चटईवर आपटून पाहावा. कॉकिंग पीस एकदाही सुटला, तर त्या रायफलीतून गोळी झाडू नये आणि ती परवानाधारक शस्त्रकारागिराकडे सोपवावी.