४१३००१ चे अवयव पाडताय? या चुका टाळा

४१३००१ हा सोलापूरचा पिनकोड. पत्ता लिहिताना हात सरावलेला, पण मूळ अवयव पाडायला घेतला की भलेभले अडकतात.

सुरुवात सोपी आहे. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि उरतात ४५८८९. याच्या अंकांची बेरीज ३४, म्हणजे आता पुन्हा ३ च्या नादी लागायचं नाही.

पुढे ७, ११ आणि १३. हे तिन्ही एका वजाबाकीत तपासता येतात, कारण ७×११×१३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ४१३ आणि ००१. फरक ४१२, त्याला तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही, म्हणून ४१३००१ लाही जात नाही. घोळ होतो तो स्वल्पविरामामुळे. आपण लिहितो ४,१३,००१, आणि मुलं त्याच गटांची वजाबाकी करून बसतात. ही कसोटी लाख-हजाराच्या हिशोबाने चालत नाही.

मोबाइलवर ७ ने भागलं तर ५९०००.१४२८५७ दिसतं. ते १४२८५७ म्हणजे बाकी नव्हे! ०.१४२८५७ ला ७ ने गुणा, बाकी १ मिळेल.

आता खरी गोची. ४५८८९ ला १७, १९, २३ असं करत ९७ पर्यंत कशानेच भाग जात नाही. इथे बहुतेक जण कंटाळून ‘मूळ संख्या’ लिहून मोकळे होतात. शंभर ही थांबायची जागा नाहीच. थांबायचं वर्गमुळापाशी: २१४ चा वर्ग ४५७९६, २१५ चा ४६२२५, म्हणजे २१४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. १०१, १०३, १०७ फसतात आणि १०९ ला दार उघडतं: १०९×४२१ = ४५८८९. दोन्ही मूळ संख्या. म्हणून ४१३००१ = ३²×१०९×४२१.

विभाजक किती? ‘चार अवयव, म्हणून चार’ हे चूक. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार करा: ३×२×२ = १२.

शेवटी १ आहे म्हणून पूर्ण वर्ग समजू नका; ६४२² = ४१२१६४ आणि ६४३² = ४१३४४९, आपली संख्या मध्येच लटकते. बेरीज नऊ आली म्हणून नंबर लकी, हेही सोडा. तसली हौस नंबरप्लेटवाल्यांना लखलाभ. मात्र आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या म्हटलं, आणि ४१३००१ त्यात बसते.

दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडा, असं सांगितलं तर ३२४² + ५५५² सापडल्यावर वही मिटू नका. १०९ आणि ४२१ या दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, त्यामुळे दुसरी जोडीही निघते: ५७६² + २८५².