अमेरिकेतील सरकारी मिडल स्कूलची आकडेवारी कशी वाचावी

मुलाला सहावीत घालण्यापूर्वी अनेक पालक शाळेचे विद्यार्थी-शिक्षक प्रमाण पाहतात आणि तेथे १५ हा आकडा दिसला की वर्गात पंधराच मुले असतील, असे धरून चालतात. हा समज आधी दूर करावा. नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स या संघीय संस्थेच्या संकेतस्थळावर दिसणारी शिक्षकसंख्या ही माणसांची नव्हे, तर पूर्णवेळ पदांच्या हिशेबाने काढलेली असते. अर्धवेळ शिक्षक तेथे ०.५ धरला जातो आणि विशेष शिक्षणाचे शिक्षकही त्याच बेरजेत येतात.

समजा, शाळेत ६०० विद्यार्थी आणि ४० शिक्षक आहेत. त्यांपैकी ८ जण नेहमीचे वर्ग घेत नसतील आणि उरलेले ३२ जण दिवसाच्या ७ तासिकांपैकी ५ शिकवत असतील, तर ६०० गुणिले ७ या संख्येला ३२ गुणिले ५ ने भागावे. उत्तर २६ च्या थोडे वर येते आणि मुलाच्या वर्गातली सरासरी गर्दी तीच असते. म्हणून शिक्षक रोज किती तासिका घेतात, हे शाळेला अवश्य विचारावे.

विद्यार्थ्यांची वंशनिहाय विभागणी सात गटांत दिलेली असते. हिस्पॅनिक म्हणून नोंदवलेले मूल, त्याचा वंश कोणताही असला तरी, त्याच एका गटात मोजले जाते. आपली मुले चिनी, व्हिएतनामी मुलांबरोबर ‘एशियन’मध्ये येतात, त्यामुळे त्या टक्केवारीवरून मराठी किंवा भारतीय मुले किती, हे कळत नाही.

मोफत व सवलतीच्या जेवणास पात्र मुलांचे प्रमाण हा गरिबीचा निर्देशक मानला जातो. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना मोफत, तर १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत जेवण मिळते. मात्र ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन’ ही संघीय जेवण योजनेतील तरतूद स्वीकारलेल्या शाळेत सर्वच मुले मोफत जेवतात, त्यामुळे तेथे १०० टक्के दिसले म्हणून सगळी मुले गरीब आहेत, असे मानणे त्या मुलांवर अन्यायाचे ठरते.

समुपदेशकांची संख्या मात्र पालक क्वचितच पाहतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण अकरा ते चौदा या वयात मुलाला त्यांचीच गरज सर्वाधिक भासते. अमेरिकन स्कूल कौन्सिलर असोसिएशन २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी शिफारस करते. शिक्षण विभागाच्या ‘सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन’मध्ये ही संख्या शाळानिहाय मिळते, मात्र ती काही वर्षे जुनी असू शकते, त्यामुळे आज किती पदे रिकामी आहेत, हे मुख्याध्यापकांनाच विचारावे.