पाकीट आधी उलटं करा

मालवणच्या बाजारात पाकीट हातात घेतलं की पुढचं चित्र मी बघतच नाही. मला डॉक्टरांनी लो फॉडमॅप आहार (म्हणजे आतड्यात नीट न पचता पोट फुगवणाऱ्या काही साखरा-कर्बोदकं टाळणारा आहार) सांगितलाय ना, मग मागची घटकांची यादी वाचायची. वजनाने जास्त असेल ते यादीत आधी येतं. पण कांदा-लसूण अगदी शेवटी दिसले तरी पाकीट परत ठेवा, कारण त्यांच्यातलं फ्रुक्टन, म्हणजे असंच एक कर्बोदक, थोडक्यातही पोट फुगवतं आणि पावडर म्हणजे तर आटवलेला कांदाच. नुसतं ‘मसाले’ लिहिलं असेल तर लसूण आहे असंच धरायचं. तयार सोलकढीत तो बहुतेक असतोच. त्यापेक्षा आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकमाच्या रसाची, बाटली बरी: घटक कोकम आणि मीठ, बस्स.

शुगर-फ्री गोळ्या-बिस्किटांवर आकडे शोधा. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल; साखरेऐवजीचे हे गोड पदार्थही टाळायचे. ‘हाय फायबर’वाल्यात इन्युलिन किंवा चिकोरी असते, तेही फ्रुक्टनच. ग्लूटेन-फ्रीवर भुलू नका, त्यातही कांदा असू शकतो. मिल्क सॉलिड्स म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर, आलीच; तीही टाळायची.

काजूच्या पाकिटावर मात्र यादी निर्मळ, एकच घटक, आणि तोच नेमका वर्ज्य! (पाहुण्यांना हे पटत नाही, काजू पुढे सरकवतातच.) आंबापोळीचंही तेच, आंब्यात फ्रुक्टोज ही फळातली साखर जास्त. तांदळाचे पापड खुशाल घ्या.

प्रमाणाची शंका आली की मी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचं फॉडमॅप अ‍ॅप उघडते. एवढी काटेकोर छाननी साधारण २ ते ६ आठवडेच करायची असते. पुढे आहारतज्ज्ञाला विचारून एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा.