जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलचे ऑइल बदलताना

कोकणात पाऊस सरला की जुन्या जीपचे मागचे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी) एकदा उघडून पाहावेच, कारण पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, गाडी घालताना तापलेले हौसिंग (या पेटीचे धातूचे कवच) एकदम थंड होते आणि त्याचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) तांबड्या चिखलाने बुजलेला असला, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते.

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करून घ्यावे आणि सपाट जागी चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर घ्यावी; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. नंतर आधी वरचा, म्हणजे ऑइल भरण्याचा, प्लग सोडवावा. खाऱ्या वाऱ्याने तो अनेकदा गंजून बसलेला असतो, आणि खालून सगळे ऑइल काढल्यावर वरचा प्लग हललाच नाही, तर गाडी अंगणातच अडकते. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवलेला बरा.

खालच्या प्लगला चुंबक असल्यास त्यावर करडा, मऊ लेप दिसणे ही नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे कपचे लागले, तर मात्र क्राउन-पिनियन (आतल्या मुख्य दातेरी चाकांची जोडी) तपासून घ्यावे. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर पाणी शिरले आहे असे समजावे.

नवा वॉशर घालून खालचा प्लग आवळावा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइल (जुन्या गाड्यांना बहुधा ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ या प्रतीचे) वरच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळू लागेपर्यंत भरावे. ब्रीदर साफ केल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. जुने ऑइल विहिरीच्या आसपास ओतू नये. जांभा ते सहज पाझरू देतो.