मॅक्युलर डिजनरेशन: इंजेक्शनं मध्येच सोडू नका, आणि या चुकाही टाळा

साठीनंतर नजर अधू झाली की घरात सगळे ‘मोतीबिंदू असेल’ म्हणतात आणि गणपती उरकेपर्यंत थांबतात. मोतीबिंदू बहुतेक वेळा तेवढी सवड देतो. मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला भाग झिजण्याचा आजार. त्याचा ओला प्रकार ती सवड देत नाही. त्यात डोळ्याच्या पडद्यामागे नवीन, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. काही आठवड्यांतच मधली नजर कायमची जाऊ शकते. दादरच्या फलाटावरच्या इंडिकेटरची अक्षरं वाकडी दिसू लागली, खिडकीचे सरळ गज मध्येच लचकलेले वाटले, तर चष्म्याचा नंबर बदलत बसू नका. लगेच रेटिनाच्या डॉक्टरांना गाठा. एकेक डोळा झाकून बघा, नाहीतर चांगला डोळा दुसऱ्याचं दुखणं लपवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र उपचार सुरू झाल्यावर होते. सुरुवातीला साधारण दरमहा एक अशी ३ इंजेक्शनं डोळ्यात देतात. पेपर पुन्हा वाचता येऊ लागतो आणि घरात ठरतं, ‘आता बरं आहे, कशाला उगाच खर्च?’ हे औषध रोग मुळापासून काढत नाही. रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन ते रोखतं, आणि त्याचा असर काही आठवड्यांत ओसरतो. पडद्यात पुन्हा पाणी साचलंय हे ओसीटी स्कॅनमध्ये (पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत) आधी दिसतं, आपल्याला बऱ्याचदा उशिरा कळतं. डोंबिवलीहून परळला आजींना आणायला कोणी मोकळं नाही, म्हणूनही तारखा चुकतात. तारीख मिळाली की सोबतीला कोण, हे त्याच दिवशी पक्कं करा. पावसात लोकल बंद पडली, तर फोन करून जवळातली जवळची वेळ मागा.

पैशांची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यात लाज कसली? व्हीईजीएफ रोखणारी औषधं एकाहून अधिक आहेत. त्यातलं बेव्हॅसिझुमॅब मुळात कर्करोगाचं औषध, पण २०११च्या अमेरिकी ‘कॅट’ चाचणीत नजरेच्या बाबतीत ते त्याच कामाच्या महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं जवळजवळ तसंच औषधही मिळतं. विम्याच्या पॉलिसीत डोळ्यातल्या इंजेक्शनची मर्यादा किती, तेही आधीच बघून घ्या.

ल्युटिन, झिंकच्या गोळ्या मुख्यतः मध्यम टप्प्यातल्या कोरड्या प्रकारात (ज्यात अशा नव्या रक्तवाहिन्या नसतात) रोग पुढे सरकण्याचा धोका कमी करतात. त्या इंजेक्शनची जागा घेत नाहीत. सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढलेल्यांनी बीटा-कॅरोटिन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

इंजेक्शननंतर डोळा थोडा चुरचुरतो, ते चालतं. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर धूसर झाली, तर घरातले जुने ड्रॉप्स घालून सकाळची वाट पाहू नका. डोळ्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करून निघा.