आशा आली, उन्हात दमली: सामाजिक शास्त्राची नावं आणि क्रम लक्षात ठेवण्याच्या खुणा

आशियाला आशिया का म्हणतात हे समजून घेतलं म्हणून सात खंडांची यादी लक्षात राहत नाही. नावं आणि क्रम यांच्यामागे मुलाला दिसेल असं कारण नसतं, म्हणून ती निसटतात. अशा गोष्टी टांगायला एक खुंटी लागते. पहिल्या अक्षरांचं वाक्य, हाताची खूण, दोरीवरची जागा, शब्दाचा अर्थ, यांतलं काहीही खुंटी होऊ शकतं. मात्र एका खुंटीवर एकच नाव टांगलेलं हवं. दोन नावं टांगली की मूल नेमकं चुकीचं उचलतं. वर्गातली बहुतेक वाक्यं इथेच फसतात.

आधी कुठे वापरायचं नाही ते. ज्याला कारण आहे त्याला खूण लावू नये. नदीकाठी वस्त्या का झाल्या? पाणी, गाळाची सुपीक जमीन, वाहतूक. याचं "पा-गा-वा" केलं की मूल पा-गा-वा म्हणतं आणि विचार करणं सोडून देतं. नावं, क्रम, जोड्या आणि एकमेकांसारखे वाटणारे शब्द एवढ्यांसाठीच ही युक्ती राखून ठेवा.

एक वाक्य बांधून बघू

क्षेत्रफळाने मोठ्याकडून लहानाकडे गेलं तर खंड असे येतात: आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, युरोप, ऑस्ट्रेलिया. हाच क्रम घ्यावा, म्हणजे नावांबरोबर आकाराचा क्रमही फुकटात पाठ होतो. अक्षरं निघतात आ, आ, उ, द, अं, यु, ऑ.

पहिला खर्डा सहज सुचतो: "आजी आली, उन्हात दमली, अंगणात येऊन ओट्यावर बसली." ऐकायला छान आहे, पण यात दोन दोष आहेत. आजी आणि आली दोघींचा 'आ'. मूल कधी आफ्रिका आधी म्हणेल, कधी आशिया दोनदा. दुसरा दोष असा की वाक्यात शब्द आठ आहेत आणि खंड सात. हुशार मूल 'बसली'साठी 'ब'वरून आठवा खंड शोधत बसतं.

पहिला दोष एका शब्दाने जातो: आजीच्या जागी आशा. आता 'आशा'मध्ये आशियाची दोन अक्षरं आहेत, त्यामुळे उरलेला 'आ' आफ्रिकेचाच. दुसऱ्या दोषाचा फायदाच करून घ्यायचा. मुलांनी उभं राहून वाक्य म्हणायचं, प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं आणि 'बसली' म्हणताना खरंच खाली बसायचं. मग तो शब्द खंड नसून शेवट आहे हे सांगावं लागत नाही.

'येऊन'मध्ये यु नाही आणि 'ओट्यावर'मध्ये ऑ नाही, तरी चालतं. दुसऱ्या कुठल्याच खंडाचं नाव य किंवा ओवरून सुरू होत नाही. खूण हुबेहूब जुळायला हवी असं नाही, दुसरीकडे बोट दाखवू नये एवढंच. (वर्गात आशा नावाची मुलगी असेल तर आधी तिला विचारा. नाहीतर महिनाभर तिला कोणीतरी दमवणार. 'आशू' केलं तरी काम होतं.)

महासागरांचं वाक्य: पॅसिफिक, अटलांटिक, हिंदी, दक्षिण, आर्क्टिक. हेही मोठ्याकडून लहानाकडे. "पहाटे अंधारात हिंडून दमले आजोबा" हे लगेच सुचतं, आणि तेही टाकून द्यावं लागतं. 'अंधारात'मधला अं मुलांना अंटार्क्टिकाकडे नेतो. 'दमले' हा शब्द खंडांच्या वाक्यातल्या 'दमली'शी मिसळतो, मग अर्धी मुलं महासागरांतून खंडांत घसरतात. 'आजोबा'चा आ आर्क्टिकचा की अटलांटिकचा, हेही धूसर राहतं. त्यापेक्षा हे बरं: "पहाटे अनवाणी हिंडले, दुपारी आराम." अ आणि आ वेगळे, 'आराम'मध्ये आर्क्टिकचा र सुद्धा आला, आणि अनवाणी पायांचं चित्र डोळ्यांसमोर येतं. नवं वाक्य बांधलं की ते वर्गातल्या जुन्या वाक्यांशेजारी लिहून बघा. एकही ठळक शब्द सामाईक नसावा.

दिशा

मुख्य दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे: "उठ पूजा, दप्तर पकड." उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. उपदिशाही त्याच फेरीने: "ईशा आली नाही वाटतं." ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य. हे दुसरं वाक्य बोलण्यातलंच असल्यामुळे एकदा ऐकून बसतं, पण क्रम पाठ असून सुरुवात चुकली तर चारही उपदिशा चुकतात. म्हणून ईशाला कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पक्कं बसवा, 'उठ' आणि 'पूजा' यांच्या मधे. दोन वाक्यं एकाच दिवशी शिकवू नका, मधे आठवडा जाऊ द्या.

याआधी एक काम करून घ्या. नकाशा भिंतीवर टांगलेला असला की उत्तर म्हणजे वर, म्हणजे आभाळाकडे, असा समज पक्का होतो. पहिले दोन-तीन दिवस नकाशा जमिनीवर पसरा, होकायंत्राने खऱ्या उत्तरेकडे फिरवा आणि मुलांना भोवती उभं करा. पूर्वेकडे तोंड केलं की उजव्या हाताला दक्षिण येते. संस्कृतात 'दक्षिण' या शब्दाचा एक अर्थ उजवा असाच आहे, त्यामुळे इथे वेगळी खूण बनवायची गरजच नाही.

शब्दातच दडलेल्या खुणा

मराठी संज्ञांचा हा मोठा फायदा आहे, आणि तो फारसा कोणी वापरत नाही. परिवलन आणि परिभ्रमण यांत मुलं हमखास गोंधळतात. 'वलन'मध्ये वळणं ऐकू येतं: पृथ्वी जागच्या जागी वळते. 'भ्रमण' म्हणजे भटकंती: ती सूर्याभोवती हिंडून येते. मुलाला आधी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला लावा, मग खुर्चीभोवती एक फेरी. दोन्ही वेळा शब्द मोठ्याने म्हणायचा.

अक्षवृत्तं आडवी: दोन्ही शब्द अ-आ पासून. मग रेखावृत्तं उभी, ती उरतातच. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांतलं वरचं कोणतं? वर्णमालेत क आधी, म नंतर. नकाशात क वर, म खाली. मधे विषुववृत्त. दोन्ही वृत्तं विषुववृत्तापासून साधारण साडेतेवीस अंशांवर आहेत.

मेसोपोटेमिया हे नाव लांबलचक म्हणून मुलं घाबरतात. त्याचा ग्रीक अर्थ सांगा: नद्यांमधला प्रदेश. टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या आणि त्यांच्या मधली जमीन फळ्यावर काढली की नाव आणि नद्या एकदमच लक्षात राहतात. चीनमधल्या ह्वांग होचा अर्थ पिवळी नदी. ती वाहून आणत असलेल्या पिवळसर गाळावरून हे नाव पडलं. तिची रेघ पिवळ्या खडूने काढा. इजिप्तची नाईल ही तर निळ्याने काढायची सोय आहेच.

सनावळीसाठी दोरी

आकडे अक्षरांच्या वाक्यात कोंबू नयेत. मुलांना जागा लक्षात राहते, आकडा राहत नाही. साडेसहा मीटर जाड सुती दोरी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. डावं टोक १४००, उजवं २०५०. दर मीटरला रंगीत चिकटपट्टी लावून १५००, १६०० असं लिहा. घटनांची कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवा.

कार्ड कुठे लावायचं ते मुलांनीच मोजायचं: सनातून १४०० वजा करा, उरतील तेवढे सेंटिमीटर. कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला तो १४९२, म्हणजे ९२ सेंटिमीटर. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८, म्हणजे ९८. दोन चिमटे जवळजवळ एकमेकांना टेकतात, आणि ही दोघं एकाच काळातली हे सांगावं लागत नाही. आधी कोण? क आणि व, पुन्हा वर्णमालेचाच क्रम. मॅगेलनच्या मोहिमेची फेरी १५१९ ते १५२२: १ मीटर १९ ते १ मीटर २२, तिथे तीन सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. फ्रेंच राज्यक्रांती १७८९, म्हणजे ३ मीटर ८९. माणूस चंद्रावर उतरला १९६९, म्हणजे ५ मीटर ६९. शेवटी प्रत्येकाने आपलं जन्मवर्ष लावायचं. नऊ वर्षांच्या मुलाचं सगळं आयुष्य नऊ सेंटिमीटर भरतं, तेव्हा वर्गात जरा शांतता होते.

दोरी दोन ठिकाणी बिघडते. नायलॉनची घेतली तर ताणली जाते आणि खुणा सरकतात, म्हणून सुती घ्या आणि ताणून बांधल्यावरच मोजा. आणि एका वेळी दहाहून जास्त कार्डं लावली की ती झालर होते, मग कोणी बघत नाही. पाचांपासून सुरुवात करा, पाठ पुढे जाईल तशी वाढवा.

नागरिकशास्त्रात हात वापरा

कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. अक्षरं का, का, न्या. पुन्हा एका खुंटीवर दोन, त्यामुळे वाक्याच्या मागे लागू नका. कायदेमंडळाला तळहातावर बोटाने लिहिल्याची खूण (कायदा लिहितात), कार्यकारी मंडळाला दोन बोटं चालवायची (कायदा अमलात आणतात), न्यायमंडळाला दोन्ही तळहात तराजूसारखे. शिक्षकाने फक्त खूण करायची, मुलांनी नाव आणि काम दोन्ही सांगायचं. मग उलटं: शिक्षक काम सांगणार, मुलं खूण करणार.

तासिका आणि उजळणी

नवी खूण आठवड्याला एक, त्यात चार ते आठ गोष्टी. तासिकेचा क्रम बदलू नका: आधी नकाशा किंवा चित्र, त्यावर नावं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत वाक्य. वाक्य आधी दिलं तर मुलांना आशा आठवते, आशिया आठवत नाही. पुठ्ठ्याची सात कार्डं करा: समोर वाक्यातला शब्द, पहिलं अक्षर लाल, मागे खंडाचं नाव. वाक्य एकदा म्हटलं की लगेच कार्डं उलटून नावं म्हणायची. नुसतं वाक्य म्हणून तास संपवला तर दुसऱ्या दिवशी वर्ग तालासुरात वाक्य म्हणेल आणि एकही खंड सांगू शकणार नाही. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच.

विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि पुढे मंदावतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली ते मोजून दाखवलं होतं. म्हणून उजळण्या आधी जवळजवळ, मग लांब: त्याच दिवशी सुटीआधी, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. प्रत्येक उजळणी दोन मिनिटांची, वही मिटून, आधी प्रत्येकाने स्वतः कागदावर लिहून. सामूहिक म्हणण्यात मागच्या बाकावरचा नुसते ओठ हलवतो हे कळत नाही.

तिसरीपासून पुढची मुलं स्वतः वाक्यं बनवू शकतात, आणि ती जास्त टिकतात. चार-चारच्या गटांना आठ मिनिटं द्या, मग प्रत्येक वाक्य तीन प्रश्नांनी तपासा: दोन शब्दांचं पहिलं अक्षर एकच आहे का, शब्द जास्त आहेत का, जुन्या वाक्याशी गल्लत होते का. पहिली-दुसरीला हे झेपत नाही. त्यांना तयार वाक्य आणि टाळ्यांचा ठेका पुरे.

साधारण महिन्याने खुंटी काढायला लागा. "दक्षिण अमेरिकेहून लहान, पण युरोपहून मोठा खंड कोणता?" असा मधूनच प्रश्न विचारा, किंवा कोरा नकाशा देऊन फक्त महासागर भरायला सांगा. ज्याचे ओठ अजून "आशा आली" पुटपुटतात त्याला आणखी दोन उजळण्या द्या. जो थेट बोट ठेवतो त्याची कार्डं काढून घ्या.